थोरल्या लेकराची चिठ्ठी

(विहाराच्या वर्धापन दिनाच्या सभेत केलेले भाषण. स्मरणिकेसाठी लिहून काढताना दोन-चार ठिकाणी दुरुस्ती केली आहे, बाकी जसे बोललो तसे ठेवले आहे.)



समितीने आम्हाला विषय दिला होता 'आजची पिढी आणि संस्कार'. विषय चांगला आहे आणि त्यावर बोलणारे आमच्यापेक्षा मोठे वक्ते आपल्या शहरात पुष्कळ आहेत. आम्ही अध्यक्षांना म्हणालो, साहेब, ज्या घरात संस्कार करायला मोठं माणूस शुद्धीवरच नाही, त्या घराचं आम्हाला बोलू द्या. ते म्हणाले, वर्धापन दिन आहे, जरा आनंदाचं बोला. आम्ही म्हणालो, बघतो.

सूत्रसंचालकांनी ओळख करून देताना आम्हाला विचारवंत म्हटलं. ते प्रेमानं म्हणाले, पण तसं काही नाही. आम्ही सूतगिरणीतला कामगार. एकोणिसाव्या वर्षी बदली कामगार म्हणून लागलो. रिंग फ्रेमवर भरलेल्या बॉबिनी काढायच्या आणि रिकाम्या लावायच्या, हे आमचं पहिलं काम. शिक्षण नववी. पुढचं जे काही वाचलं ते रातपाळी करून दुपारी, झोप मोडून. तेव्हा बोलण्यात चूकभूल झाली तर पदरात घ्यावी.

सुरुवात आमच्याच चुकीपासून करतो.

१४ एप्रिल २०२३. दुसऱ्या एका वस्तीत जयंतीचा कार्यक्रम होता. तिथल्या लोकांनी एका चौदा वर्षांच्या मुलीचा सत्कार ठेवला होता, आणि तो आमच्या हस्ते. तिचं नाव, गल्ली काही सांगणार नाही. ओळख पटू नये म्हणून एक-दोन गोष्टी फिरवून सांगतो आहे. तिला विचारून सांगतो आहे. तेव्हा कुणी शोधायला जाऊ नये.

तिची माय २०२१ साली करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेली. बाप गवंडी, हाताला चांगलं कसब असलेला माणूस. पण बायको गेल्यापासून त्याची संध्याकाळ त्याच्या ताब्यात राहिली नाही. पोरीच्या पाठीवर दोन भाऊ आणि एक बहीण, धाकटी तेव्हा चार वर्षांची. पाणी भरणं, स्वयंपाक, तिघांची शाळा-अंगणवाडी, कुणाला ताप आला तर घाटीत नेऊन केसपेपर काढणं, सगळं ही पोरगी बघायची. आणि स्वतः आठवीत.

आम्ही तिला शाल दिली, पुष्पगुच्छ दिला, ५०१ रुपयांचं पाकीट दिलं. भाषणात म्हणालो की, बाप दारूत बुडालेला असताना ज्या मुलीनं तीन लेकरांची माय होऊन दाखवलं, ती आजची रमाई आहे. टाळ्या पडल्या. पोरगी खाली मान घालून उभी होती. आम्हाला वाटलं, लाजते आहे.

चौथ्या दिवशी पाळी सुटल्यावर आम्ही सायकलवरून तिकडून चाललो होतो. ती नळावर होती. डोळ्याखाली निळं पडलेलं. आम्ही विचारलं, तर आधी म्हणाली, पाय घसरला. मग हंडा भरेपर्यंत काही बोलली नाही. हंडा भरल्यावर म्हणाली, "काका, तुम्ही चांगल्यासाठीच केलं. पण पप्पाला माईकवर ऐकू गेलं." पाकिटातले पैसे त्याच रात्री गुत्त्यावर गेले होते. शाल तेवढी धाकटीला पांघरायला झाली.

आम्ही सायकल धरून उभे राहिलो. काही सुचेना. आम्ही विचारलं, "बाई, मग आम्ही काय करायला पाहिजे होतं?" ती म्हणाली, "रात्री आवाज येतो तवा कुणीतरी नुसतं दार वाजवायचं होतं."

बंधू-भगिनींनो, तिथं आसपास आपलीच घरं आहेत. भिंतीला भिंत आहे. आवाज सगळ्यांना जातो. सकाळी सगळे म्हणतात, काय गुणी पोरगी आहे. आम्हीही तेच म्हणालो, फक्त माईकवर.

आणि ही चूक आम्ही करायला नको होती, कारण आम्ही स्वतः तसल्याच घरातले आहोत. आम्ही म्हणजे आम्ही चौघं. थोरली अक्का, तिच्यामागे आम्ही, मग धाकटा भाऊ आणि सर्वात लहान बहीण. ही गोष्ट आम्ही आजवर स्टेजवरून बोललो नव्हतो. घरात तीस-पस्तीस वर्षं आम्ही आपसातही बोललो नव्हतो.

आमचं गाव गंगाथडीचं. २७ जुलै १९७८ ला नामांतराचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटल्या. आमचं घर जळलं नाही. पण पलीकडच्या गावचा धूर बापानं पाहिला आणि महिन्याभरात बिऱ्हाड उचलून औरंगाबादला आणलं. गावात तो विहिरी खोदायचा. सुरुंगाचं काम त्याच्यासारखं कुणाला जमत नसे, चार गावचे लोक बोलवायला यायचे. इथं तो मोंढ्यात हमाल झाला. पाठीवर पोतं, वर मुकादमाच्या शिव्या. पहिल्या वर्षी तो अंग दुखतं म्हणून प्यायचा, दुसऱ्या वर्षापासून कारण सांगायचं बंद झालं. हे बापाची बाजू घ्यायला सांगत नाही. पण तो जन्मापासून तसा नव्हता, हेही खरं आहे आणि तेही नोंदलं गेलं पाहिजे.

माय धाकट्या बहिणीच्या बाळंतपणानंतर बोलायची बंद झाली. भिंतीकडं तोंड करून पडून राहायची. पोर रडून रडून निळं पडलं तरी हात पुढे करायची नाही. लोक म्हणायचे, हिला बाहेरचं झालं. कुणी लिंबू उतरवलं, कुणी अंगारा दिला. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात हे सगळं झालं, काय सांगावं. आज आम्हाला कळतं की बाळंतपणानंतर बाईच्या मनाला असा आजार होतो आणि त्याला औषध आहे. घाटीत मानसोपचाराचा विभाग आहे. तेव्हा तिला तिथं नेणारं कुणी नव्हतं. म्हणून माय वाईट होती असं आम्ही म्हणू देत नाही. माय आजारी होती.

तर घरात दोन मोठी माणसं होती आणि एकही नव्हतं. अक्का तेव्हा तेरा वर्षांची.

अक्काची शिस्त काय होती ते सांगतो. बापाच्या पावलांवरून किती प्यालाय ते ती ओळखायची. पायरीला ठेच लागली तर जास्त, नीट आला तर कमी. दिवेलागणीला आधी बापाची भाकरी, मिरची आणि पाण्याचा तांब्या दाराशीच मांडून ठेवायची, म्हणजे आल्याबरोबर बसेल, पोटात जाईल आणि झोपेल. विळा आणि खलबत्ता रोज संध्याकाळी चुलीमागच्या गोवऱ्यांत जायचा. पैसे पिठाच्या डब्यात तळाला. ती स्वतः दाराला पाठ लावून झोपायची. आम्हाला तिनं एक खेळ शिकवला होता. आवाज चढला की पांघरुणाखाली तोंड न उघडता शंभरपर्यंत आकडे मोजायचे. जो मध्ये चुकेल त्यानं पुन्हा एकपासून सुरू करायचं. आम्हाला तो बरीच वर्षं खेळच वाटत होता. आमच्या धाकट्याचे पाढे त्याच्यामुळे पक्के झाले, हे आम्ही हसून सांगतो.

शंभर मोजूनही आवाज थांबला नाही, तर ती धाकटीला पाठीशी बांधायची आणि आम्हा दोघांना हाताला धरून बाहेर काढायची. आम्ही पाण्याच्या टाकीखाली जाऊन बसायचो. थंडीच्या दिवसात गोणपाट अंगावर. पहाटे बाप झोपला की परत.

अक्का शाळेत हुशार होती. धाकटीला घरी ठेवायला माणूस नाही म्हणून तिला कडेवर घेऊन वर्गात बसायची. पोर रडायचं. एक दिवस गुरुजी म्हणाले, "हे इथं चालणार नाही, शिकायचं असेल तर एकटी ये." सातवीचं वर्ष होतं. ती घरी आली आणि दप्तर आमच्या गळ्यात घातलं. त्या दप्तराचा आम्हाला आनंद झाला होता, हे आज सांगताना लाज वाटते.

आणि आम्ही काही तिचे ऐकणारे भाऊ नव्हतो. ती मारायचीही. एकदा आम्ही गूळ चोरून खाल्ला, तिनं उलथन्यानं हाणलं. आम्ही म्हणालो, तू कुठं आमची माय आहेस? ती काही बोलली नाही. पुढं आम्ही पुस्तकांत त्यागमूर्ती बहिणी पुष्कळ वाचल्या. अक्का तशी नव्हती. ती घाबरलेली, चिडलेली, रात्रभर जागी असलेली तेरा-चौदा वर्षांची पोरगी होती. तिला भांडी फोडावीशी वाटायची, असं तिनं आम्हाला नंतर सांगितलं.

१९८२ साली अक्काचं लग्न झालं, सोळाव्या वर्षी. मुलीच्या लग्नाचं वय कायद्यानं १९७८ लाच अठरा केलं होतं, पण आमच्या वस्तीत तो कायदा कुणाला ठाऊक? नवरा तिच्याहून बारा-तेरा वर्षांनी मोठा. अक्कानं एकच अट घातली, धाकटी बहीण माझ्याबरोबर येईल. लोक आंदणात भांडी नेतात, अक्का अडीच-तीन वर्षांची बहीण घेऊन सासरी गेली. सासरच्यांनी ते मान्य केलं, त्यांचे उपकार आहेत. आम्ही दोघं भाऊ मागे राहिलो. दाराला पाठ लावून झोपायची पाळी मग आमची आली.

तीन वर्षांपूर्वी अक्का आमच्याकडे आठ दिवस राहायला आली होती. गोळ्या घेऊन झोप येत नव्हती म्हणून बोलत बसली. तेव्हा तिनं पहिल्यांदा सांगितलं की, १९८० साली तिनं गावाकडं मामाला एक कार्ड लिहिलं होतं. 'दादा फार पितो, माय उठत नाही, तू येऊन लहान दोघांना घेऊन जा, मी आणि मोठा इथं राहतो.' पेटीपर्यंत जायला सवड नव्हती. शेजारचे एक गृहस्थ टपालात टाकतो म्हणाले, त्यांच्याकडे दिलं. कार्ड उघडं असतं. त्यांनी ते वाचलं. आणि घरची भानगड गावाला कशाला कळवायची, असा विचार करून आमच्या बापाच्या हातात दिलं.

त्या रात्री काय झालं ते अक्कानं सांगितलं नाही. आम्हाला आठवतं एवढंच की, काही दिवस ती डावा हात वापरत नव्हती. आम्ही नऊ-दहा वर्षांचे होतो, आम्हाला वाटलं नळावर पडली.

ते गृहस्थ आता हयात नाहीत. माणूस वाईट नव्हता. वस्तीतली जयंती त्यांच्यामुळे उभी राहिली, आजारी माणसाला पाठीवर घेऊन घाटीत नेणारा माणूस. त्यांना वाटलं, आपण घराची अब्रू वाचवली. आणि मामा पुढं आम्हाला म्हणाला होता, "मला कुणी कळवलं असतं तर मी बैलगाडी घेऊन आलो असतो." तेव्हा आम्हाला वाटलं, बोलायला काय जातं. आज वाटतं, तो आलाही असता.

अक्कानं पुन्हा कुणाला चिठ्ठी लिहिली नाही.

आता बाबासाहेबांच्या लहानपणाची एक गोष्ट. आपल्यापैकी पुष्कळांनी ती ऐकली आहे, पण आपण ती एकाच बाजूनं ऐकतो. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या लहानशा लिखाणात बाबासाहेबांनी ती स्वतः सांगितली आहे. १९९० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ते पुस्तिका म्हणून छापलं आणि १९९३ साली ते सरकारी 'लेखन आणि भाषणे'च्या बाराव्या खंडात आलं. आम्ही रातपाळीच्या दिवसांत एका शिक्षक मित्राला जवळ बसवून ते इंग्रजीतून समजून घेतलं.

१९०१ सालची गोष्ट. सातारा. आई वारलेली. रामजीबाबा दूर खटाव तालुक्यात गोरेगावला खजिनदार होते, दुष्काळातल्या लोकांना काम म्हणून तिथं तलाव खोदला जात होता. साताऱ्याच्या घरी कोण? दहा वर्षांचे भीमराव, त्यांचे थोरले भाऊ आणि वारलेल्या थोरल्या बहिणीची दोन मुलं. मोठं माणूस म्हणून एक आत्या, अतिशय मायाळू, पण पायांनी अधू. तिलाच उचलून इकडून तिकडे न्यावं लागायचं. चौघं लेकरं शाळेत जायची आणि चौघंच स्वयंपाक करायची. भाकरी-पोळी जमत नव्हती, म्हणून तांदूळ आणि मटण एकत्र शिजवून पुलाव करायचे, कारण तो सोपा. आम्ही हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक बाजूला ठेवलं. आमच्या घरात पिठलं-भातावर महिनेच्या महिने काढले होते, कारण आम्हालाही भाकरी थापता येत नव्हती.

पुढचं आपल्याला माहीत आहे. उन्हाळ्याच्या सुटीत लेकरं वडिलांकडे निघाली, नवे कपडे घालून आगगाडीत बसली, मसूर स्टेशनला उतरली. न्यायला कुणी नाही. जात कळल्यावर गाडीवाला मिळेना. शेवटी दुप्पट भाडं घेऊन एक जण तयार झाला, पण लेकरांनी गाडी हाकायची आणि त्यानं पायी चालायचं. रात्र झाली, जवळ जेवण होतं आणि प्यायला पाणी नव्हतं. उपाशी झोपली. अस्पृश्यतेचा हा धडा आपण दर वर्षी सांगतो आणि सांगितलाच पाहिजे.

पण न्यायला कुणी का आलं नाही? लेकरांनी येतो म्हणून चिठ्ठी पाठवली होती. ती वडिलांच्या नोकरापर्यंत पोचली, पण त्यानं ती त्यांना दिलीच नाही. बाप वाईट नव्हता, बापाला कळलंच नव्हतं. एका मोठ्या माणसानं चिठ्ठी पुढं दिली नाही आणि ती लेकरं रात्रभर रस्त्यावर राहिली.

आणखी एक. पुढे दोन मुलांना शिकवणं रामजीबाबांना झेपेना, तेव्हा थोरल्या आनंदरावांची शाळा सुटली. ते नोकरीला लागले आणि भीमराव शिकले.  आम्ही पुष्कळ विहारं फिरलो आहोत. आनंदरावांचा फोटो आम्हाला कुठंच दिसला नाही. कुणाकडे असेल तर सांगावं, आम्ही फ्रेम करून आणू.

सिगालोवाद सुत्तात तथागतांनी आईबापांची पाच कर्तव्यं सांगितली आहेत. लेकराला पापापासून आवरणं, चांगल्या मार्गाला लावणं, हुन्नर शिकवणं, योग्य जोडीदार बघून देणं आणि वेळेवर वारसा हाती देणं. लेकरांचीही पाच कर्तव्यं सांगितली आहेत. आम्ही भन्तेजींना विचारून खात्री केली, त्यात थोरल्या लेकरानं धाकट्यांची माय व्हावं असं कुठंही नाही. ते आपण घातलं आहे. थोरली म्हणजे तिनं करायचंच, असं आपण धरून चालतो आणि वर तिचं कौतुक करतो. कौतुक फुकट असतं. दार वाजवायला उठावं लागतं.

आता त्या मुलीचं पुढं काय झालं ते सांगतो, कारण पुष्कळ जण म्हणतील, ठीक आहे, पण करायचं काय.

आम्ही पाच-सहा जण बसलो. त्यात आमच्या मिलमधले दोन निवृत्त कामगार होते, एक अंगणवाडी ताई आणि त्याच गल्लीतली एक आजी. पहिली गोष्ट रात्रीची. आजी म्हणाली, माझ्याकडं जागा आहे, लेकरं झोपायला येऊ द्या. एवढं साधं. चारही लेकरं जेवून आजीकडे झोपायला जाऊ लागली. थोरल्या पोरीनं पहिल्या रात्री झोपताना विचारलं, दार कोण बघणार? आजी म्हणाली, मी म्हातारी रात्रभर जागीच असते, तू झोप.

दुसरी गोष्ट बापाची. आमच्यातले तरुण म्हणत होते, चार कानाखाली द्या. आम्ही म्हणालो, त्या चार तो घरी जाऊन लेकरांना परत करील. आम्ही सकाळी सात वाजता गेलो, तो कामावर निघायच्या आधी, शुद्धीवर असताना. मारलं नाही, चारचौघांत बोललो नाही. पण स्वच्छ सांगितलं की लेकरावर क्रूरता करणं, जाणूनबुजून त्याची आबाळ करणं हा २०१५ च्या बाल न्याय कायद्याखाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि पुन्हा आवाज आला तर आम्ही फोन करू. तो रडला. म्हणाला, बायकोला ऑक्सिजन मिळाला नाही. ते खरं होतं. आम्ही म्हणालो, बाबा, दारू हा आजार आहे, आजाराला दवाखाना असतो. तो दोनदा व्यसनमुक्तीला जाऊन आला. दोनदा परत सुरू केली. आज तो पितो, पण लेकरांवर हात टाकत नाही. याला यश म्हणायचं का, ते तुम्ही ठरवा.

तिसरी गोष्ट कागदांची, आणि खरा जीव इथंच जातो. महाराष्ट्रात बालसंगोपन योजना आहे. आई किंवा बाप गेलेला असेल, सांभाळता येत नसेल, तर लेकरू संस्थेत न पाठवता घरातच राहावं म्हणून दर लेकरामागे महिन्याला पैसे मिळतात. आधी ११०० होते, २०२३ पासून २२५० केले. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्याच्या कार्यालयात, मंजुरी बालकल्याण समितीची. कागद काय लागतात? मायचा मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, आधार, शाळेचं बोनाफाईड, बँकेचं खातं. चौदा वर्षांच्या पोरीनं हे कसं काढावं? आमच्यासारख्या मिटिंगा घेणाऱ्या माणसाला सात महिने लागले. एका खिडकीवर आम्हाला तीनदा परत पाठवलं, कारण मायच्या नावात एका कागदावर 'बाई' होतं आणि दुसऱ्यावर नव्हतं.

पोरगी मात्र सुरुवातीला या सगळ्याला तयार नव्हती. का, ते तिनं बऱ्याच दिवसांनी सांगितलं. तिला भीती होती की सरकारला कळलं तर चौघांना चार आश्रमांत टाकतील. म्हणून ती सगळ्यांना घरचं बरं चाललंय म्हणून सांगायची. हे ऐका बरं का भगिनींनो. अशी लेकरं खोटं बोलतात ती बापाला वाचवायला नाही, धाकट्यांना एकत्र ठेवायला. तिला आम्ही समजावलं की लेकराला संस्थेत ठेवणं हा कायद्यानं शेवटचा उपाय आहे, आणि दुसऱ्या कुटुंबात सांभाळायला द्यायची वेळ आलीच तर भावंडांना होईल तितकं एकत्र ठेवावं, असं त्या बाल न्याय कायद्यात लिहिलेलं आहे. तरी तिनं समितीपुढं जाताना धाकटीचा हात सोडला नाही.

१०९८ हा नंबर इथल्या प्रत्येक लेकराला पाठ पाहिजे. १९९६ साली मुंबईत तो सुरू झाला आणि २०२३ पासून सरकारी यंत्रणेकडे आहे. फोनला पैसे पडत नाहीत, दिवसरात्र चालू असतो, लेकरू स्वतः करू शकतं, शेजारीही करू शकतो. पुढे बसलेल्या बाळांनो, सांगा बरं मोठ्यांदा, किती? (मुले ओरडतात.) शाबास. आता हे घरी जाऊन भिंतीवर खडूनं लिहा, आई ओरडली तर आमचं नाव सांगा.

ती मुलगी मार्च २०२५ मध्ये दहावीला बसली. किती टक्के पडले ते इथं सांगत नाही, पुन्हा सत्कार ठेवाल. शिकवणी लावली नव्हती, पण संध्याकाळचे दोन तास तिला घरातून मोकळं करायला आमच्यातल्या दोघींनी आळीपाळीनं तिच्या घरी बसायचं ठरवलं आणि वर्षभर बसल्या. त्या दोघी आज इथं आहेत, त्यांना नाव नको आहे.

काल अक्काला फोन करून सांगितलं की, उद्या विहारात तुझं बोलणार आहे, चालेल का? ती म्हणाली, "बोल. पण माझं रडगाणं करू नको. ते कार्ड मी उघडं लिहिलं हीच माझी चूक झाली, पाकिटात घालायला पाहिजे होतं." पंचेचाळीस वर्षं ती ती चूक स्वतःची समजते आहे. आम्ही फोनवर पुष्कळ सांगितलं, तिला ते पटलेलं नाही.

अध्यक्ष घड्याळ दाखवतात, थांबतो. समितीपुढे आम्ही एक मागणी ठेवली आहे आणि ती मान्य झाली आहे. विहाराची मागची खोली यापुढे रात्री कुलूपबंद राहणार नाही. किल्ली शेजारच्या घरी राहील, दोन सतरंज्या आणि चार चादरी आत असतील. कुणाही लेकराला कधीही येता येईल, कारण विचारलं जाणार नाही. चादरी दोनच आल्या आहेत, दोन अजून पाहिजेत.

आणि आपल्याच वस्तीत तीन घरांचे बालसंगोपनाचे अर्ज भरायचे आहेत. कुणाची ती घरं, हे आम्ही सांगणार नाही. बुधवारी सकाळी दहाला उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसीलला जायचं आहे. आमची त्या दिवशी पहिली पाळी आहे, आम्ही बदली मागितली आहे, मिळेल न मिळेल. ज्यांना सुटी असेल त्यांनी सभा संपल्यावर दाराशी थांबावं. दोन माणसं लागतील, त्यातली एक बाई असावी. जयभीम.